रिकाम्या खोलीचं काम

जपान पाहून परतलेल्या माणसाला आपली बैठकीची खोली अचानक भरगच्च वाटू लागते. पंधरा दिवसांपूर्वी याच खोलीत त्याला काही खटकत नव्हतं. आता सोफा अंगावर येतो, काचेचं शोकेस नकोसं होतं. पुण्यात घरांच्या इंटिरियरचं काम करताना गेल्या दहा-बारा वर्षांत अशी मंडळी माझ्याकडे बऱ्याचदा आली. त्यांच्या फोनमध्ये क्योतोच्या नाहीतर ताकायामाच्या एखाद्या रियोकानचे, म्हणजे जुन्या पद्धतीच्या उतारूगृहाचे, फोटो असतात आणि मागणी ठरलेली असते: कागदी सरकतं दार, चटई, बुटकं टेबल, कागदी कंदील. या चारही गोष्टी इथे करून मिळतात. खोली तयार होते, फोटो निघतात. सहा महिन्यांनी पुन्हा जावं, तर बुटक्या टेबलाखाली इस्त्रीचे कपडे, कोपऱ्यात व्यायामाची सायकल आणि सरकत्या दाराला टेकवून ठेवलेला कपडे वाळत घालायचा स्टँड.

लोकांच्या हौसेला मी नावं ठेवत नाही. तिच्यावर माझं घर चालतं. पण तीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडली की तिला काहीतरी कारण असावं असं वाटू लागतं. २०१८ च्या मे-जूनमध्ये मी पाच आठवडे जपानमध्ये राहिले. त्यातले तीन आठवडे क्योतोत, एका जुन्या माचियात, म्हणजे पुढे दुकान आणि मागे घर अशा लांबट लाकडी वास्तूत गेले. खोली दिसते कशी हे पुस्तकांत पाहून झालं होतं. ती वापरतात कशी, हे मला पाहायचं होतं. त्या मुक्कामातून आणि नंतरच्या वाचनातून एक गोष्ट माझ्यापुरती पक्की झाली. जपानी खोली रिकामी असते, कारण कुणीतरी तिला रोज रिकामी करतं.

जपानी भाषेत ‘शित्सुराई’ असा एक जुना शब्द आहे. प्रसंग पाहून खोली मांडणं, असा त्याचा अर्थ. हेइआन काळात, म्हणजे साधारण आठव्या शतकाच्या अखेरीपासून बाराव्या शतकापर्यंत, क्योतोतल्या सरदारांचे वाडे ‘शिंदेन’ पद्धतीचे असत. आत मोठा लाकडी पाट्यांचा तक्तपोशी दालनभाग आणि त्यात पक्क्या भिंती फारच थोड्या. समारंभ असेल तशा घडीच्या पडद्या, उभ्या दांड्यावरचे कापडी पडदे आणि बसायच्या चटया आणून मांडायच्या आणि काम झालं की उचलून ठेवायच्या. ‘तातामी’ हा शब्दच घडी घालण्याच्या क्रियापदावरून आला आहे. आज आपण पाहतो ती जाड, जमिनीला जखडलेली तातामी मूळची हलती वस्तू होती. मान्यवर बसतील तेवढ्याच जागी ती टाकायची. तिच्या कडेच्या कापडी पट्टीचा रंग आणि नक्षी बसणाऱ्याच्या हुद्द्याप्रमाणे ठरलेली असे. आपल्याकडे गादी, लोड आणि तक्के कुणाला आणि पाट कुणाला, हे जसं ठरलेलं असे तसंच.

पुढे पंधराव्या शतकाच्या आसपास ‘शोइन’ पद्धत रुजली आणि तातामी भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरली. क्योतोच्या गिनकाकुजी मंदिराच्या आवारात आशिकागा योशिमासा या निवृत्त शोगुनानं बांधवलेली ‘तोगुदो’ ही १४८६ सालची इमारत आजही उभी आहे. तिच्यात ‘दोजिनसाई’ नावाची साडेचार चटयांची खोली आहे. लिहिण्यासाठी भिंतीत बसवलेली फळी, वरखाली पायऱ्यांसारखी फडताळं, कागदी दारं आणि पूर्ण तातामी. अंदाजे नऊ फूट बाय नऊ फूट. जगभर आज जिला ‘जपानी खोली’ म्हणतात, तिचा हा जवळजवळ पहिला शिल्लक नमुना. मुंबईतल्या एखाद्या चाळीच्या खोलीपेक्षाही लहान, आणि बांधणारा देशाचा माजी शोगुन.

चटयांचं माप हा फार मजेचा विषय आहे. तातामीची लांबी रुंदीच्या दुप्पट असते. तीन शाकू बाय सहा शाकू. एक शाकू ३०.३ सेंटिमीटरचा, म्हणजे आपल्या फुटाला जवळजवळ खेटून. खोली चौरस फुटांत सांगत नाहीत, चटयांत सांगतात: साडेचार, सहा, आठ. दोन चटया मिळून एक त्सुबो, सुमारे ३.३ चौरस मीटर. जमिनीचे भाव आजही या त्सुबोत बोलले जातात. पण चटई सगळीकडे सारखी नाही. क्योतोकडची सुमारे १९१ सेंटिमीटर लांब, तोक्योकडची १७६. कारण क्योतो-ओसाकाकडे चटईचं माप कायम धरून खांब त्याप्रमाणे उभे करत, तर तोक्योकडे खांबांचं अंतर धरून उरलेल्या जागेत चटई बसवत. ओसाकाकडच्या पद्धतीतून एक विलक्षण व्यवहार निघाला. एदो काळात तिथे घरं ‘उघडी’ भाड्यानं मिळत: चटया नाहीत, दारं नाहीत. भाडेकरू आपल्या चटया आणि सरकती दारं गाडीवर लादून आणायचा आणि घर सोडताना घेऊन जायचा. माप ठरलेलं असल्यामुळे ती कुठल्याही घरात बसत. म्हणजे ज्याला आपण वास्तूचा भाग समजतो ते तिथे सामान होतं, भांड्याकुंड्यांसारखं.

आता सामानाचा प्रश्न. क्योतोतल्या त्या माचियात माझ्या खोलीत दिवसा एक टेबल आणि दोन बसकर होते. संध्याकाळी तिथेच जेवण. मग मालकीणबाई येत, टेबल उचलून भिंतीशी लावत, भिंतीतलं सरकतं दार उघडत आणि आतून गादी, चादर, उशी, दुलई काढून अंथरत. त्या भिंतीतल्या कपाटाला ‘ओशिइरे’ म्हणतात. अर्थ सरळ आहे: आत ढकलायची जागा. रुंदी सुमारे सहा फूट, खोली तीन फूट, मधोमध एक भक्कम फळी. तीन फूट खोल कपाट आपल्याकडे कुणी करत नाही, कारण आपण कपडे टांगायच्या हिशेबानं दोन फुटांचं कपाट धरतो. ओशिइरे धरलं आहे ते घडी घातलेल्या गादीच्या मापानं. सहा चटयांच्या खोलीला एक चटईभर कपाट, म्हणजे सहाला एक हे प्रमाण. फोटोत ओशिइरे कधीच येत नाही, कारण त्याचं दार बंद असतं. मोकळी जागा दिसते आणि तिला मोकळी ठेवणारी जागा दिसत नाही.

मालकीणबाई सत्तरीच्या होत्या. सकाळी सातला गादी उचलायच्या, ऊन असेल तर गच्चीच्या कठड्यावर वाळत टाकायच्या. गादी रोज उचलण्यामागे टापटिपीइतकंच दुसरंही कारण आहे. रात्रभराचा घाम आणि दमट हवा गादीखाली अडकली की चटईला बुरशी येते. चटई आतून भाताच्या पेंढ्याची आणि वरून ‘इगुसा’ नावाच्या लव्हाळ्यासारख्या गवताची. दोन्ही ओल शोषतात आणि सोडतात, पण सोडायला त्यांना वेळ आणि वारा लागतो.

हे झालं रोजचं काम. जूनच्या सुरुवातीला मी वर्षाचं काम पाहिलं. क्योतोची जुनी घरं उन्हाळा आला की ‘दारं बदलतात’. कागदी आणि कापडी दारं खाचांतून वर उचलून काढायची, कोठीत ठेवायची आणि त्या जागी बोरूच्या काड्यांची जाळीदार दारं बसवायची. तातामीवर वेताची गार चटई पसरायची. अर्ध्या दिवसात घर वेगळं होतं. एका खोलीतून तिसऱ्या खोलीतलं अंगण दिसू लागतं. सप्टेंबरच्या अखेरीला पुन्हा उलटं. शिवाय शोजीचा, म्हणजे चौकटीच्या दाराचा, कागद वर्षाअखेरीच्या साफसफाईत बदलायचा. तातामीचं वरचं आवरण काही वर्षांनी काढून उलटं करायचं, आणखी काही वर्षांनी नवं घालायचं. ‘तोकोनोमा’ या कोनाड्यातलं लोंबतं चित्र आणि फुलं ऋतूप्रमाणे बदलायची. एकच चित्र बारा महिने टांगलेलं राहिलं तर तो कोनाडा फक्त भिंतीतला खड्डा उरतो. आपल्याकडचे ‘जपानी कोनाडे’ बहुतेक असेच असतात. त्यात एक बुद्धाचं डोकं कायमचं बसवलेलं.

या सगळ्याला हवामानाचा पाया आहे आणि तो समजल्याशिवाय वस्तू आणण्यात अर्थ नाही. चौदाव्या शतकातला संन्यासी लेखक योशिदा केन्को यानं घर बांधताना उन्हाळ्याचा विचार करावा, हिवाळ्यात माणूस कुठेही निभावून नेतो, अशा आशयाचं लिहून ठेवलं आहे. जुनं जपानी घर दमट उन्हाळ्यासाठी बांधलेलं घर आहे. हिवाळ्यात ते गारठतं, पण जमिनीपासून वर उचललेल्या तक्तपोशीखालून वारा खेळतो. आजच्या जपानी बांधकाम नियमांतही लाकडी जमीन साधारणपणे किमान ४५ सेंटिमीटर वर असावी अशी अट आहे, ती या ओलीपायीच. आपल्या फ्लॅटमध्ये हीच तातामी थेट चकचकीत टाइल्सवर टाकतात. खालून वारा बंद. जुलैत वास येऊ लागतो आणि ऑगस्टमध्ये हिरवी बुरशी. मग दोष चटईला.

शोजीचंही तसंच. तुतीच्या कुळातल्या कोझो झुडपाच्या सालीपासून केलेला तो कागद उजेड गाळतो, हे खरं. पण त्याच्यापर्यंत पोचणारा उजेड आधीच दोनदा गाळलेला असतो. बाहेर तीन-चार फूट पुढे आलेली वळचण वरचं ऊन अडवते. मग अंगणातल्या वाळूवरून आणि पडवीसारख्या ‘एंगावा’च्या पाटावरून परतलेला उजेड खालच्या बाजूनं आत येतो आणि कागदावर पसरतो. पश्चिमेच्या उघड्या खिडकीला शोजी लावली तर कागद पांढराफटक पेटतो, डोळे दिपतात. अशा वेळी शोजीपेक्षा बाहेरून वाळ्याचा किंवा बांबूचा पडदा लावा, असं मी गिऱ्हाइकाला सांगते. ते जास्त जपानी होईल.

वस्तू आणि वापर यांची ही फारकत नवी नाही. एडवर्ड मोर्स हा अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ १८७७ मध्ये सागरी जिवांच्या अभ्यासासाठी जपानला गेला आणि तिथल्या घरांत गुंतला. १८८६ च्या त्याच्या पुस्तकात जपानी घराची शेकडो रेखाटनं आहेत. दिवाणखान्याबरोबर त्यानं स्वयंपाकघर, विहीर आणि शौचकूपही काढले. हा माणूस मला फार आवडतो, कारण त्यानं घराचं काम पाहिलं. त्याच्यानंतरच्यांनी बहुतेक रेषा पाहिल्या. जर्मन वास्तुकार ब्रूनो ताउट १९३३ मध्ये जपानला आला आणि क्योतोजवळचा कात्सुरा हा सतराव्या शतकातला राजप्रासाद पाहून भारावला. त्याच्या लिखाणानंतर कात्सुरा आधुनिक वास्तुकलेचं तीर्थक्षेत्र झाला.

गंमत अशी की त्याच १९३३ साली कादंबरीकार तानिझाकी जुनइचिरो जपानी सावल्यांची थोरवी गाणारा आपला निबंध प्रसिद्ध करू लागला, आणि त्याची सुरुवात आहे घर बांधतानाच्या तक्रारींनी. विजेच्या तारा कुठे लपवायच्या? काच नको, पण नुसता कागद वापरला तर उजेडाची आणि दार बंद करण्याची अडचण. म्हणून त्यानं आत कागद आणि बाहेर काच अशी दुहेरी दारं केली, खर्च वाढला आणि परिणाम धड ना कागदाचा ना काचेचा. शैली आणि सोय यांचं भांडण खुद्द जपानी माणसाच्या घरात तेव्हाच पेटलेलं होतं.

वस्तू म्हणून सर्वांत सुखरूप प्रवास केला कंदिलानं. शिल्पकार इसामू नोगुची १९५१ मध्ये गिफू गावी गेला. तिथे बांबूच्या कामट्या आणि कागद यांचे कंदील बनत. त्यानं मेणबत्तीच्या जागी विजेचा दिवा धरून ‘आकारी’ नावाची दिव्यांची मालिका सुरू केली. आज जगभर घराघरांत लोंबणारा पांढरा कागदी गोळा हा त्याचाच दूरचा वंशज. कंदील घडी होऊन पाकिटात मावतो आणि त्याला रोजचं काम नसतं. तो पोचला यात नवल नाही.

आपल्या देशातलं सर्वांत चांगलं उदाहरण मात्र वस्तूंशिवायचं आहे. पुद्दुचेरीच्या अरविंद आश्रमाचं ‘गोलकोंद’ हे निवासस्थान आंतोनीन रेमंड या तोक्योत काम करणाऱ्या वास्तुकारानं आखलं आणि बांधकामासाठी त्याच्या कचेरीतून जॉर्ज नाकाशिमा १९३७ च्या सुमारास तिथे आला. हाच नाकाशिमा पुढे लाकडी फर्निचरसाठी जगप्रसिद्ध झाला. गोलकोंदमध्ये तातामी नाही, शोजी नाही, कंदील नाही. इमारत काँक्रीटची. पण बाहेरची भिंत म्हणजे हातानं उघडझाप होणाऱ्या आडव्या पट्ट्यांची रांग, आणि खोल्यांना सागवानी पट्ट्यांची सरकती दारं, वारा जाईल पण नजर जाणार नाही अशी. हवा पाहून दार सरकवायचं, पट्टी फिरवायची. दमट हवेतल्या जपानी घराची सगळी अक्कल तिथे आहे. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना मी क्योतोच्या आधी पुद्दुचेरीला जायला सांगते.

आणि जपानी माणसाचं काय? त्यानं ही खोली बरीचशी सोडली. युद्धानंतर घरांची प्रचंड टंचाई होती. १९५१ च्या ‘५१-सी’ या सरकारी नमुना आराखड्यात जेवणाची जागा आणि झोपायची जागा वेगळी करण्यात आली. स्वयंपाकघरात टेबल-खुर्ची आली. १९५५ मध्ये गृहनिर्माण महामंडळ निघालं आणि सिमेंटच्या चाळवजा इमारतींत, ज्यांना ‘दांची’ म्हणतात, हा आराखडा पसरला. तिथली तातामीही आखूड झाली. मग पलंग आले, मग एकच तातामी खोली उरली, आणि आता पुष्कळ नव्या फ्लॅटांत तीही नाही. इगुसाची जपानी लागवड मुख्यतः कुमामोतो प्रांतातल्या यात्सुशिरो भागात उरली आहे आणि शेतकरी घटताहेत. २०२० मध्ये युनेस्कोनं जपानी लाकडी वास्तूंशी निगडित सतरा कौशल्यांना वारशाचा दर्जा दिला, त्यात तातामी बनवणं आणि सरकती दारं बनवणंही आहे. वारसा म्हणून नाव लागतं ते बहुधा रोजच्या वापरातून गोष्ट निसटू लागली की.

ती का निसटली, याचं उत्तर मला माझ्या आईकडून मिळालं. परतल्यावर मी उत्साहानं तिला क्योतोची खोली, ती गादी, ते ओशिइरे सांगत होते. आई वाईच्या वाड्यात सून म्हणून आलेली. ती म्हणाली, “अगं, दिसायला छानच असणार. आमचं माजघरही दिवसा रिकामंच असायचं. अकरा अंथरुणं उचलायची मी रोज सकाळी, चहाच्या आधी.” जपानी घराबद्दलच्या माझ्याजवळच्या देखण्या पुस्तकांत हा आकडा कुठेच नव्हता. ती गादी तिकडेही बहुतेक घरांत बाईच उचलत होती. नोकरी, लहान कुटुंब, दुखरे गुडघे आणि उचलायला कुणी नसणं: पलंग घरात येतो तो या वाटेनं.

माझ्याच घरात तेव्हा प्रश्न खरा होता. दहा बाय बाराची एक खोली आणि तिचे तीन दावेदार: दिवसा आईला बसायला, मला कामाला आणि पाहुण्यांना रात्री झोपायला. आईचं वय अठ्ठ्याहत्तर, जमिनीवर बसणं बंद. पलंग घातला तर माझं काम बंद. इथे मला जुन्या नव्हे, आजच्या जपानी फ्लॅटमधल्या तोडग्याचा उपयोग झाला. त्याला ‘कोआगारी’ म्हणतात: खोलीच्या एका भागात फूट-सव्वा फूट उंचीचा लाकडी ओटा, वर तातामी, खाली खेचायचे खण. काठावर खुर्चीसारखं बसता येतं, आत मांडी घालता येते, आणि ओशिइरे पोटातच.

आमच्या मिस्त्रींना मी चित्र दाखवलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “ताई, वर झोपलेलं माणूस उठवून खालचं सामान काढायचं का?” म्हणून खण पुढच्या बाजूनं, चाकांवर. उंची आईच्या गुडघ्यावरून ठरवली: साडेसोळा इंच. जपानी मापापेक्षा थोडी जास्त, पण तिला हात न टेकता उठता येतं. लांबी-रुंदी नऊ फूट बाय सहा फूट, म्हणजे तीन चटया. मिस्त्री अजून फूट-इंच-सूत यांतच बोलतात, त्यामुळे शाकूचा हिशेब त्यांना माझ्याआधी कळला. वरची प्लायवूड सलग न घालता पट्ट्या मारल्या, दोन पट्ट्यांत बोटभर फट, आणि मागच्या बाजूला भिंतीपासून दोन इंच सोडले. वारा तेवढ्यानं फिरतो. तातामी मागवली नाही. तमिळनाडूतल्या पत्तमडै गावच्या कोरा गवताच्या चटया घेतल्या आणि खाली पातळ काथ्याच्या गाद्या. कोरा हा लव्हाळ्याचाच भाऊबंद. चटई पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उचलून पंख्याखाली उभी करावी लागते.

नियम आईनं घालून दिला: जो झोपेल तो उचलेल. पाहुणे सुरुवातीला ओशाळतात, मग घडी घालतात. माझ्या भावानं वयाच्या पन्नासाव्या वर्षी प्रथमच दुलईची घडी घातली.

शोजी मी एकच केली, उत्तरेच्या खिडकीला, जिथे ऊन येत नाही. तिचा कागद आम्ही दिवाळीच्या साफसफाईत बदलतो. जुन्या कागदाच्या कडा ओल्या फडक्यानं भिजवायच्या, दहा मिनिटांनी तो सोलून निघतो. चौकट पुसून वाळवायची. मग गव्हाच्या पिठाची पातळ खळ करून लाकडावर लावायची आणि कागदाच्या पट्ट्या खालून वर चिकटवत जायच्या; वरची पट्टी खालच्यावर चढली की सांध्यात धूळ बसत नाही. शेवटी पाण्याचा अगदी हलका फवारा. वाळताना कागद ताणला जातो आणि सुरकुत्या आपोआप जातात. सगळं मिळून दोन तास. जपानमध्ये जुना कागद सोलण्याआधी घरातल्या मुलांना त्यात बोटं घालून भोकं पाडायची मुभा असते, वर्षातून एकदाच. आमच्याकडे हे काम माझ्या दोन भाच्या करतात आणि वसुबारसेच्या आदल्या दिवशी सकाळी आठलाच दारात हजर असतात.